मोठ्या बाबांच्या पानावरची मॅकरोनी

मी वाशीमच्या कॉलेजात अन्न आणि पोषण हा विषय घेऊन शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे काय शिकते हे घरी सांगताना माझी नेहमी अडचण होते. "म्हंजे सैपाकच न?" असं आई विचारते. मी "हाव, तसंच काहीतरी" म्हणून सोडून देते.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक काम दिलं होतं. प्रत्येकीला एक परदेशी पदार्थ वाटून दिला. त्याचा इतिहास शोधायचा, तो लोकांना इतका का आवडला ते सांगायचं, सुट्टीत घरी एकदा करून पाहायचा आणि फोटो दाखवत वर्गापुढे बोलायचं. माझ्या वाट्याला मॅकरोनी अँड चीज आलं. बाजूची मैत्रीण म्हणाली, "तुले तं सोपंच भेटलं. होस्टेलात आपुन दुसरं काय खातो?"

ते खरं होतं. होस्टेलच्या मुली विजेच्या किटलीत मॅकरोनी उकडतात आणि वर मसाल्याची पुडी टाकतात. चीज कोणाकडे नसतं, लोणच्याचा खार असतो. वाशीमला संध्याकाळी चाटच्या गाड्यांवरही आता पास्त्याची पाटी असते. मला वाटलं, आपल्याला हा पदार्थ माहीत आहे.

सुट्टी संपल्यावर मी वर्गात बोलले. बोलणं ठीक झालं, दोनदा अडखळले. पण जे बोलले नाही ते जास्त होतं, म्हणून ते इथे लिहिते आहे.

आधी जे वाचलं ते. त्यातलं मला किती नीट समजलं हे सांगता येत नाही, कारण पुस्तकं इंग्रजी होती आणि एकेका पानाला मला बराच वेळ लागायचा. इटलीत फार जुन्या काळापासून गव्हाच्या पिठाचे तुकडे उकडून त्यावर किसलेलं चीज घालून खात. हाताने लिहिलेल्या जुन्या पाककृतींत ते सापडतं. पुढे इंग्लंडातल्या मोठ्या घरांत दुधाच्या घट्ट रश्शात मॅकरोनी आणि चीज घालून ते भट्टीत भाजू लागले. तेव्हा ते श्रीमंतांचं खाणं होतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पुढाऱ्याने, जो नंतर राष्ट्राध्यक्ष झाला, ते फ्रान्समध्ये खाल्लं आणि मग आपल्या घरच्या मेजवानीत ठेवलं. त्या घरात रांधणारा माणूस त्याचा गुलाम होता. त्यालाही फ्रान्सला नेलं होतं, स्वयंपाक शिकायला. पदार्थाच्या गोष्टीत पुढाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत येतं, त्या माणसाचं नाव शोधावं लागतं.

नंतर कारखाने आले, आणि चीजची कोरडी भुकटी आणि मॅकरोनी एका खोक्यात मिळू लागली. मंदीच्या आणि युद्धाच्या दिवसांत, मांस आणि दूध मिळेना तेव्हा, त्या एका खोक्यात घरातली सगळी जेवत. श्रीमंतांचं खाणं असं सगळ्यांचं झालं. मुलांना ते आवडलं, मुलं मोठी झाली, त्यांनी आपल्या मुलांना खाऊ घातलं. लोकप्रियतेचं कारण मी एवढंच काढू शकले.

एक ओळ मात्र मी वहीत उतरवली नाही, तरी लक्षात राहिली. तिकडे कोणी वारलं की शेजारीपाजारी त्या घरी तयार अन्न घेऊन जातात, आणि त्यात पुष्कळदा मोठ्या तसराळ्यात भाजलेलं मॅकरोनी अँड चीज असतं. कारण दुःखाच्या घरात चूल पेटवायची इच्छा नसते.

आमच्या घरी त्या हिवाळ्यात मोठे बाबा वारले होते.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना मूल नव्हतं. त्यांच्या बायकोला, माझ्या मोठ्या आईला, आम्ही मोठमाय म्हणतो. घर एकच, चूल एकच, त्यामुळे मी तिच्याही हाताखाली वाढलेली. मोठे बाबा गेल्यावर ती फारशी रडली नाही. वावरात जायची, निंदण-खुरपण करायची, यायची, भाकर खायची. बोलणं मात्र कमी झालं होतं. विचारलं तेवढं सांगायची.

सुट्टीत मी मॅकरोनीची दोन पाकिटं आणि चीजचा डबा घेऊन मानोऱ्याच्या एसटीने घरी आले. घरी फ्रिज नाही. चीज गावातल्या किराणावाल्याच्या फ्रिजमध्ये थंड बाटल्यांच्या मागे ठेवलं. तो म्हणाला, "ठेव, पण आखाजीले दुकान बंद राहीन, त्या सकाळी घेऊन जाजो."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार-पाच दिवसांवर आली होती. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना जेवू घालतात. गेलेल्या माणसाच्या जागी एका माणसाला पाटावर बसवायचं, त्याला पितर म्हणून वाढायचं. तो जे जेवतो ते गेलेल्याला पोचतं असं मानतात. आणि जेवणात आंब्याचा रस आणि सरगुंडे असलेच पाहिजेत.

सरगुंडे वऱ्हाडाबाहेर फारसे माहीत नाहीत असं मला होस्टेलात कळलं, म्हणून सांगते. गव्हाची कणीक घट्ट भिजवायची, तिची बारीक वळी करून काडीवर गुंडाळायची, मग काडी हलकेच काढून घ्यायची. आत पोकळ राहते. हे उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरतात आणि उकडून रसासोबत किंवा तूप-साखरेसोबत खातात. मोठमायचे सरगुंडे आमच्या भावकीत नावाजलेले. पण घरात माणूस गेलं की त्या वर्षी घरात वाळवण करत नाहीत. पापड नाही, कुरडई नाही, सरगुंडे नाहीत. ते बाहेरून, बहुतेक माहेरहून येतात.

मोठमायच्या माहेरी ते करणारी तिची भावजय होती. ती गाडीवरून पडली आणि हात प्लास्टरमध्ये गेला. तिचा फोन आला तेव्हा मी जवळच बसले होते.

"यंदा मशीनच्या शेवया पाठवतो वो ताई," ती म्हणत होती. "शेवयानं बी चालते."

"हाव," मोठमाय म्हणाली आणि फोन ठेवला.

गावात विचारून झालं होतं. सगळ्याजणी आता रवा घेऊन शेवईच्या मशीनवर जातात. काडीवर गुंडाळत बसायला कोणाला वेळ नाही.

"शेवयाच वाढू," आई म्हणाली. "देव काही पाहून राह्यला का?"

"देवासाठी नोको मले," मोठमाय म्हणाली. बऱ्याच दिवसांत तिने इतकं मोठ्याने काही म्हटलं नव्हतं. "पह्यली आखाजी हाये त्याईची. सरगुंड्याबिगर पान कसं वाढू? उपाशी उठतीन ते."

मी उठून माझी पिशवी आणली. ते बरोबर होईल की नाही मला माहीत नव्हतं. पाकीट तिच्या हातात दिलं तेव्हा मी "हे सरगुंडे नाहीत, पण" एवढंच म्हणू शकले.

तिने पाकीट उजेडात धरलं. कोपरा फोडून दोन नळ्या तळहातावर घेतल्या. एक डोळ्याजवळ धरून आतली पोकळी पाहिली, एक दाताखाली फोडली.

"गव्हाचेच हायेत न?"

"हाव. रवाच आहे."

"कोनं केले?"

"कारखान्यात होतात."

"वाकडे काहून हायेत?"

ते मला वाचूनही माहीत नव्हतं. "तसेच असतात," मी म्हटलं.

आईला पटत नव्हतं. "अवो बाई, पितराच्या पानावर पाकिटातलं इलायती वाढता का? लोकं हासतीन."

"आपल्या घरात केलं का हे? नाई न. बाहेरून आलं. पोरीनं आनलं," मोठमाय म्हणाली. "मंग काय हरकत हाये?"

मग मी त्यांना ती ओळ सांगितली, की अमेरिकेत माणूस गेलं की शेजारी हेच करून त्या घरी नेऊन देतात.

मोठमायने माझ्याकडे पाहिलं. "तिकडं बी?"

"हाव."

"अन् सैपाक नाई करत त्या घरी?"

"काही दिवस नसतील करत."

"मंग झालं तं," ती आईला म्हणाली. आई पदराने तोंड पुसत "करा बापा काय करायचं ते" म्हणून आत गेली, पण तिचा आवाज रागाचा नव्हता.

आखाजीच्या सकाळी मी दुकानातून चीज आणलं. त्या उन्हात ते संध्याकाळपर्यंत टिकलं नसतं, म्हणून माझं कामही त्याच दिवशी उरकायचं ठरलं. आईने चीज हुंगून पाहिलं. "अंड-गिंड नाई न ह्याच्यात? पितराचा सैपाक हाये." मी डब्यावरचा हिरवा ठिपका दाखवला. तरी तिने मला गॅसची दुसरी बाजू दिली आणि माझा चमचा त्यांच्या भांड्यांना लागू द्यायचा नाही असं बजावलं.

मॅकरोनी सगळी एकदम उकडली. मोठमायने किती शिजू द्यायची ते पाकिटावर वाचायला सांगितलं, ऐकलं, आणि मग नळी बोटांत दाबून स्वतःच ठरवलं. निथळून तूप लावलं. आईने रस पातळ न करता त्यात कालवला, कारण मोठ्या बाबांना वाटीत वेगळा रस आवडत नसे. तो गंज, म्हणजे उभं पातेलं, तिने ओट्यावर झाकून ठेवला. उरलेल्या मॅकरोनीत मी माझं केलं. लोण्यावर थोडा मैदा भाजला, दूध घातलं, चीज किसून विरघळवलं. पुस्तकातल्या फोटोत रंग चांगला पिवळा होता, माझा पांढुरका आला, म्हणून चिमूटभर हळद टाकली. रंग आला. अगदी फोटोसारखा. तोही गंज मी झाकला, आणि जागा नव्हती म्हणून पहिल्याच्या बाजूला ठेवला.

पितर म्हणून मोठ्या बाबांचे जुने जोडीदार आले होते, आम्ही त्यांना काका म्हणतो. दोघांनी लहानपणी ढोरं सोबत चारली आणि म्हातारपणी पारावर सोबत बसले. मोठमाय त्यांना भाऊजी म्हणते. ते पांढरं धोतर नेसून पाटावर बसले आणि एकदम अवघडले. रोज बडबडणारा माणूस, पण त्या जागी बसल्यावर काय बोलावं हे त्यांना कळेना. वडिलांनी त्यांना गंध लावलं. चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकला. आईने वरण-भात, वडे, कढी, शेजारून आलेली कुरडई असं सगळं वाढलं.

"सरगुंडे मी वाढतो," मोठमाय म्हणाली आणि स्वयंपाकघरात आली. मी तेव्हा पाण्याचा गडू भरत होते. तिने ओट्यावरचा अलीकडचा गंज उचलला, झाकण काढलं, पिवळं पाहिलं, आणि घेऊन गेली.

मी गडू ठेवला तेव्हा ओट्यावर आईने झाकलेला गंज तसाच होता.

मी दारापर्यंत गेले. मोठमायने पानावर भरपूर वाढलं होतं आणि ती समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून, काकांच्या तोंडाकडे पाहत. काकांनी घास घेतला. गोड रस म्हणून घेतलेला तो घास खारट लागला असणार. त्यांचा जबडा थांबला. डोळे जरा मोठे झाले. मला वाटलं आता ते विचारतील. पण पितर जेवत असताना पानाला नाव ठेवत नाहीत, पानावर काही टाकत नाहीत आणि वाढलेलं उचलतही नाहीत. मी दारातच थांबले. आईला अजून काही कळलं नव्हतं.

"कसे हायेत भाऊजी?" मोठमायने विचारलं.

काकांनी गिळलं. "बेस हायेत वहिनी."

"आनखी वाढू?"

त्यांनी एक क्षण गंजाकडे पाहिलं. मग पानावर हात आडवा धरायचा तो धरला नाही. "वाढा."

तिने वाढलं. त्यांनी कढीच्या घोटासोबत ते सगळं संपवलं, बोटं चाटली, हात धुतला. मोठमाय उठली तेव्हा तिचा चेहरा इतका निवलेला होता की मला पुढे जाऊन काही सांगण्याचा धीर झाला नाही.

काका चपला घालत असताना मी त्यांना गाठलं. ते हळूच म्हणाले, "काय होतं वो ते पोरी? सरगुंड्यात मीठ कोनं टाकलं?"

मी सांगितलं. त्यांना ते सगळं समजलं असं वाटत नाही. "चीज," ते म्हणाले. "वाईट नोतं. पन रसाची आस धरून बसलो होतो न मी." मग घराकडे पाहून म्हणाले, "तिले सांगजो नोको. पोट भरलं तिचं." आणि गेले.

बाया मागून जेवायला बसल्या. मोठमायने स्वतःच्या ताटात त्याच गंजातलं उरलेलं घेतलं. मी आईकडे पाहत होते, आई माझ्याकडे, कारण आता तिलाही ओट्यावरचा दुसरा गंज दिसला होता. "मोठमाय," मी म्हटलं, पण तिने घास घेतला होता.

तिने तो सावकाश चावला. खाली ठेवला नाही, गिळला. मग विचारलं, "हे तुह्यं हाये?"

"हाव."

"अन् त्याईचं?"

आईने ओट्याकडे बोट केलं.

"भाऊजीनं दोन डाव घेतलं," मोठमाय म्हणाली. "दोन डाव. अन् तोंड वाकडं नाई केलं." ती ताटाकडे पाहत राहिली. मला वाटलं ती रडेल. आई म्हणाली, "जाऊ द्या न वो बाई. जेवले ते. झालं."

"कुठं झालं?" मोठमाय म्हणाली. तिने हात धुतला, पदर डोक्यावर ओढला आणि रसाचा गंज माझ्या हातात दिला. "चाल."

मोठे बाबा गेल्यापासून ती वावर सोडून कोणाच्याही दारात गेली नव्हती. पहिल्या वर्षाला तसं जात नाहीत. आईने "बाई, कोठी चालल्या?" असं दारातून विचारलंही, पण तोपर्यंत आम्ही गल्लीत होतो. भर दुपार होती. पाय भाजत होते, ती भरभर चालत होती, आणि मी गंज दोन्ही हातांनी धरून मागे. एका ओसरीवरच्या बाईने आम्हाला पाहून हातातलं सूप खाली ठेवलं. मोठमायने तिच्याकडे पाहिलं नाही.

काका अंगणातल्या निंबाखाली खाटेवर, तोंडावर शेला घेऊन झोपले होते. काकू बाहेर आल्या आणि मोठमायला दारात पाहून उंबऱ्यातच थबकल्या. मग म्हणाल्या, "या वो बाई. या. आत या."

"आत येत नाई मी. ह्याईले उठवा. जेवन राह्यलं त्याईचं."

काका उठून बसले. शेला गळ्यात, केस उभे. गंज पाहून त्यांना सगळं कळलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगितलं काय वो?"

"तिनं नाई सांगितलं. मले जीभ हाये," मोठमाय म्हणाली. "तुमी काहून नाई बोलले?"

"वहिनी, पितर बोलते काय?"

"अन् दुसऱ्यांदा वाढा कायले म्हनलं?"

काकू मधेच म्हणाल्या, "मले तं घरी येऊन म्हने, घोटभर ताक दे, छाती जळून राह्यली." आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मोठमाय हसली नाही. तिने काकूंकडून ताटली मागितली, तिच्यात रसात कालवलेली मॅकरोनी वाढली आणि खाटेवर त्यांच्या पुढे ठेवली.

"पोट तटतटून फुगलं हो वहिनी."

"चार घास खा. पन खाच."

ते खाटेवर मांडी घालून नीट बसले. शेला गळ्यातून काढून बाजूला ठेवला. खाल्लं. ह्या वेळी त्यांचं तोंड पाहण्याची गरज नव्हती, कारण रस त्यांच्या मिशीला लागला तरी ते पुसायला थांबले नाहीत. चार घासांचे बरेच जास्त झाले. शेवटी ताटली बोटाने निपटली आणि ते तसेच बसून राहिले.

मोठमायने विचारलं, "काय म्हनतात ते?"

कोण, हे तिने सांगितलं नाही. काकांनी मिशी पुसली.

"म्हनते, थे पह्यलं काय होतं ते मले कळलं नाई," काका म्हणाले. "पन आता जेवलो म्हनते. अन् तू काहून उभी हायेस उन्हात, असं म्हनते. बस म्हनते."

मोठमाय अंगणात तशीच उभी राहिली. मग दारापुढच्या ओट्यावर बसली, पदरात तोंड घातलं आणि त्या हिवाळ्यात रडली नव्हती तेवढी रडली. काकू तिच्या जवळ जाऊन बसल्या. काका उठले, माठातून पाणी आणलं आणि तिच्या बाजूला ठेवून परत खाटेवर येऊन बसले.

ती शांत झाल्यावर काकूंनी चहा ठेवला. मला वाटलं ती आता निघेल. पण तिने कप घेतला, आणि भावजयीच्या हाताला कसं लागलं, प्लास्टर कधी निघणार, हे ती काकूंना सांगू लागली. सांगता सांगता आवाज तिचा पहिल्यासारखा होत गेला. काकू मधे मधे विचारत होत्या, काका मधे मधे चूक काढत होते.

मला म्हणाली, "तू जा पोरी. मी येतो मागून."